जुन्नर-आंबेगावला चाचणीबाहेर ठेवून कोणाचं रक्षण होतं?

‘आमच्या माणसांना प्रयोगाचे उंदीर करू नका.’ औषधांच्या चाचण्यांचा विषय निघाला की पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. ते बोलणारी माणसं बहुतेक वेळा कळकळीची असतात. आदिवासींच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं खपलेले कार्यकर्ते त्यांत असतात, शिक्षक असतात, डॉक्टरही असतात. त्यांच्या संशयामागे खरा इतिहास आहे आणि त्याच्याकडे मी येणारच आहे. पण फुप्फुसं कडक करत नेणाऱ्या आजारांपुरता, ज्यांना डॉक्टर एकत्रितपणे आयएलडी म्हणतात, हा युक्तिवाद मला साफ नामंजूर आहे. या आजारांत चाचणीबाहेर राहिलेला माणूस सुरक्षित राहत नाही. त्याच्यावर औषधं चालवली जातातच, फक्त त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आधी आजार काय आहे ते सांगतो, कारण विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांना तो शहरी, श्रीमंती आजार वाटतो. आयएलडी हा एक आजार नाही. दोनशेच्या आसपास आजार या एका नावाखाली येतात. हवेच्या बारीक पिशव्या आणि रक्तवाहिन्या यांच्यामधला नाजूक पडदा सुजतो, त्यावर वण धरतात, फुप्फुस आक्रसत जातं. आधी चढणीला धाप लागते, मग सपाटीवर, मग अंघोळ करतानासुद्धा. कोरडा खोकला हटत नाही. काहींच्या बोटांची टोकं फुगीर होतात. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला तर श्वास आत घेताना वेल्क्रोची पट्टी उचकटल्यासारखा आवाज येतो. यातल्या ज्या प्रकाराचं कारण सापडत नाही, त्या आयपीएफमध्ये उपचाराविना निम्मे रुग्ण निदानापासून तीन ते पाच वर्षांत दगावतात. अनेक कर्करोगांपेक्षा हे भयंकर आहे.

दुसऱ्या एका प्रकाराचं कारण मात्र सापडतं, आणि ते आमच्या दारात आहे. श्वासावाटे रोज आत जाणारी बुरशी, जिवाणू, पक्ष्यांच्या विष्ठेतली आणि पिसांतली प्रथिनं यांना फुप्फुस बिथरतं. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, थोडक्यात एचपी. इंग्लंडमध्ये कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरने १९३२ मध्ये ओलं, बुरसटलेलं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत तो नोंदवला. उसाच्या बगॅसमुळे, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यामुळे, होणारा त्याचा भाऊबंद, बगॅसोसिस, १९५० च्या दशकापासून भारतीय वैद्यकीय लेखनात आहे. आता दोन्ही तालुक्यांकडे पाहा. जुन्नरला विघ्नहर कारखाना, आंबेगावात पारगावला भीमाशंकर कारखाना. गाळप झालं की बगॅसचे डोंगर उभे राहतात. ढिगाच्या पोटात ओल आणि ऊब टिकते आणि बगॅसोसिस घडवणारे उष्णताप्रिय जिवाणू नेमके तिथे वाढतात. अवकाळीत भिजलेला कडबा जनावरांसाठी वापरला जातोच, आणि तो कुट्टी यंत्रात घातला की गोठाभर धूळ होते. पोल्ट्रीच्या शेडमध्ये भाताच्या तुसावर विष्ठा साचते. तेच तूस पुढे कोंबडखत होऊन द्राक्षबागेत आणि कांद्याच्या रानात येतं, भरतानाही उडतं आणि पसरतानाही. कांदा चाळीत काळा पडतो, निवडायला बसलेल्या बायकांच्या नाकातोंडात काळी भुकटी जाते. बगॅस, बुरसटलेला चारा आणि पक्ष्यांची विष्ठा यांचा एचपीशी संबंध वैद्यकशास्त्रात पक्का आहे. कांद्याच्या काळ्या बुरशीबद्दल निदान प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या अंगाला, घाटमाथ्याजवळच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांत पावसाचे चार महिने बंद घरात ओल्या लाकडांची चूल जळते, ती गोष्ट वेगळीच.

२०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून मोठं रण माजलं. उच्च न्यायालयापर्यंत विषय गेला, आणि पक्ष्यांच्या विष्ठेने फुप्फुस कायमचं निकामी होऊ शकतं हे मराठी वाचकांपैकी अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते कळलं हे चांगलंच झालं. पण चर्चा कबुतरांपाशी सुरू झाली आणि कबुतरांपाशीच संपली. हजारो कोंबड्यांच्या शेडमध्ये रोज झाडलोट करणारी बाई तिच्यात आली नाही.

त्या बाईचं पुढे काय होतं ते आमच्या भागातल्या कुणाही डॉक्टरला विचारा. धाप लागते म्हणजे दमा, असं धरून तिला पंप मिळतो. फरक पडत नाही. एक्स-रेमध्ये डाग दिसतात, म्हणजे टीबी असेल. थुंकीत काही सापडलं नाही तरी सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. तोही संपतो. मग कुणीतरी स्टेरॉइड देतं. त्याने भूक लागते, अंगात तरतरी येते, बाई म्हणते गुण आला. ती गोळी महिनोन् महिने चालू राहते, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, कधी झोपलेला टीबी खरोखरच उठतो. पुण्याला जाऊन सिटी स्कॅन होईपर्यंत फुप्फुसाचा मोठा भाग वणांनी भरलेला असतो. या सगळ्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरसमोर दमा आणि टीबी रोज येतात, त्याला तेच आधी आठवतात.

पण या प्रवासाला काय म्हणायचं ते चाचणीला विरोध करणाऱ्यांनी सांगावं. औषध दिलं जातंय. ते या आजारात, या माणसाला लागू पडतं का हे कुणी तपासलेलं नाही. धोका समजावलेला नाही. सही नाही, साक्षीदार नाही, विमा नाही. बिघडलं तर भरपाई नाही, आणि माणूस सुधारला की गेला याची नोंद नाही. प्रयोगातले सगळे धोके इथे हजर आहेत. प्रयोगाबरोबर येणारं संरक्षण आणि त्यातून मिळणारं ज्ञान, एवढंच गैरहजर आहे. उंदीर करू नका म्हणणाऱ्यांनी रोष धरायचा तर आधी या व्यवहारावर धरला पाहिजे.

अंदाजाने दिलेलं औषध किती महाग पडतं याचा दाखला याच आजारात आहे. आयपीएफच्या रुग्णांना जगभरचे तज्ज्ञ अनेक वर्षं तीन औषधं एकत्र देत होते: प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. तर्क सरळ होता, सूज आहे तर सूज दाबा. अमेरिकेत पँथर नावाच्या चाचणीत हा तर्क पहिल्यांदा रिकाम्या गोळीशी नीट ताडून पाहिला गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये ती शाखा मध्येच थांबवावी लागली. तीन औषधं घेणाऱ्या ७७ जणांत ८ मृत्यू झाले होते, रिकामी गोळी घेणाऱ्या ७८ जणांत १. रुग्णालयात भरती व्हावं लागलेले २३ विरुद्ध ७. ही औषधं त्या दिवसापर्यंत सद्‌हेतूने दिली जात होती. चाचणी झाली नसती तर आजही दिली गेली असती, आणि प्रत्येक मृत्यू आजाराच्या खात्यावर पडला असता. त्या ७७ जणांचं जे झालं ते दुःखदच आहे. पण चाचणी होती म्हणून कुणीतरी मोजत होतं, आणि मोजत होतं म्हणून थांबवता आलं.

यावर उत्तर येतं की ठीक आहे, चाचण्या हव्यात, पण त्या अमेरिकेत, युरोपात होऊ द्या. सिद्ध झालेलं औषध मग आम्ही घेऊ. हा युक्तिवाद वरवर शहाणा वाटतो आणि याच आजारात तो सगळ्यात लवकर कोसळतो.

निन्टेडॅनिब हे औषध २०१४ मध्ये ज्या इनपल्सिस चाचण्यांनी सिद्ध केलं, त्यांत २४ देशांतले १०६६ रुग्ण होते. सगळे आयपीएफचे; सरासरी वय सदुसष्टच्या आसपास, दर पाचांत चार पुरुष. आमच्याकडचा रुग्ण असाच असेल असं धरायला आधार काय? जयपूरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांवर १०८४ आयएलडी रुग्णांची नोंद झाली आणि २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात ४७ टक्क्यांहून अधिक रुग्ण एचपीचे निघाले, आयपीएफ १४ टक्क्यांच्या आत. त्या एचपी रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांकडे पाण्याचे कूलर होते. पुढच्याच वर्षी चंडीगडच्या पीजीआयने आपल्या ८०३ रुग्णांचा हिशेब मांडला. तिथे सार्कॉइडोसिस ४२ टक्के आणि एचपी जेमतेम ११. देश तोच, आणि चित्र उलटंपालटं. जयपूरचा आकडा चंडीगडला लागू पडत नाही, तर डेन्व्हरचा किंवा म्युनिकचा आमच्या मंचरला कसा पडेल?

पुढे २०१९ मध्ये निन्टेडॅनिबची इनबिल्ड चाचणी झाली, आयपीएफ सोडून इतर कारणांनी वाढत जाणाऱ्या फायब्रोसिससाठी, म्हणजे फुप्फुसावरच्या वणांसाठी. ६६३ रुग्ण, त्यांत एचपीचा गट सगळ्यात मोठा, १७३ जणांचा. पंधरा देशांत झालेल्या या चाचणीत भारत नव्हता. ज्या देशाच्या नोंदणीत एचपी जवळजवळ निम्मा आहे, त्या देशातला एकही एचपी रुग्ण त्यात नव्हता. आज या चाचणीच्या बळावर इथल्या एचपी रुग्णांना ते औषध लिहून दिलं जातं. अशाने आमचं रक्षण झालं असं कुणी म्हणणार असेल तर त्याने मला हेही सांगावं की औषध आमच्या माणसाला किती मानवतं.

कारण मानवण्याचा प्रश्न कागदावरचा नाही. इनपल्सिसमध्ये निन्टेडॅनिब घेणाऱ्या शंभरांत साठाहून अधिक जणांना जुलाब झाले. घरात संडास, नळाला पाणी आणि आठवड्याला फोन करणारी नर्स असलेल्या माणसाने ते सोसणं वेगळं. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या वाडीतल्या बाईने दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपताना सोसणं वेगळं. दुसरं औषध पिरफेनिडोन. जपानने २००८ मध्ये त्याला परवानगी दिली आणि भारतात सिप्लाने ते २०१० मध्ये, अमेरिकेच्याही चार वर्षं आधी, बाजारात आणलं. या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते. ऊन टाळा, असं पाकिटातल्या पत्रकात लिहिलेलं असतं. नारायणगावच्या बाजारासाठी टोमॅटो तोडणाऱ्या किंवा द्राक्षाची छाटणी करणाऱ्या माणसाने ऊन टाळायचं म्हणजे रोजगार टाळायचा. किती जण पहिल्याच महिन्यात गोळ्या सोडतात? कमी मात्रा दिली तर सोसते का, आणि तेवढी पुरते का? या प्रश्नांना युरोपातली चाचणी उत्तर देऊ शकत नाही, कारण तिथे ते विचारले जाण्याचं कारणच नव्हतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती होणाऱ्या रुग्णाच्या कामी येते, रोज आयुष्यभर घ्यायच्या गोळ्यांच्या नाही. म्हणजे न सोसणाऱ्या किंवा न पुरणाऱ्या मात्रेची किंमतही घरच्या खिशातूनच जाते.

आता त्या इतिहासाकडे. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देणारा प्रकल्प झाला. खम्मममध्ये आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या. काही मुलींच्या मृत्यूंच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण संसदेच्या स्थायी समितीने संमतीच्या त्या पद्धतीवर २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. इंदूरमध्ये सरकारी रुग्णालयाच्या रुग्णांवर त्यांना न कळत चाचण्या झाल्याचं बाहेर आलं आणि स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला. आश्रमशाळा आमच्या दोन्ही तालुक्यांत आहेत. खम्ममची गोष्ट वाचून इथल्या माणसाच्या पोटात कालवलं नाही तरच नवल. त्या प्रकरणांचा बचाव करायला मी बसलेलो नाही. ज्यांनी ती उजेडात आणली त्यांचं ऋण प्रत्येक रुग्णावर आहे.

मात्र त्या लढ्याने काय मिळवलं तेही पाहा. याचिका झाली, न्यायालयाने सरकारला धारेवर धरलं, २०१३ पासून नियम बदलत गेले आणि १९ मार्च २०१९ रोजी नवी औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम लागू झाले. आज संमतिपत्र सहभागी माणसाला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार लागतो. दुर्बल गटातल्या माणसांवर नव्या रेणूची चाचणी असेल तर संमती देतानाचं चित्रीकरण ठेवावं लागतं. चाचणीत इजा झाली तर उपचार फुकट; चाचणीमुळे मृत्यू झाला तर आठ लाखांचा मूळ आकडा धरून, वय आणि जोखीम पाहून भरपाई ठरते. ही कलमं कुणी दान म्हणून दिलेली नाहीत, ती भांडून मिळवलेली आहेत. भांडून मिळवलेला हक्क वापरायचाच नाही, असं ठरवणं हा त्या लढ्याचा सन्मान कसा होईल? खम्ममने शिकवलं ते हे की संमती आईबापांकडून घ्या, अधीक्षकाकडून नव्हे. आदिवासी मुलींना लस देऊच नका, असं ते शिकवत नाही. एचपीव्ही लशीने टळू शकणारी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मरणं सर्वाधिक गरीब बायकांचीच असतात.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळा आहे. ते म्हणतात, आधी धड दवाखाना द्या, मग चाचणी आणा. घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात छातीचा तज्ज्ञ रोज बसेल तेव्हा बोला. हे ऐकताना मान खाली जाते, कारण मागणी रास्त आहे. उपचाराला पर्याय नसलेला माणूस चाचणीला खऱ्या अर्थाने ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे नीतिशास्त्रातलं जुनं आणि खरं दुखणं आहे. म्हणून मी चाचणीला उपचार म्हणून विकायला कायम विरोध करीन. चाचणीत अर्ध्या लोकांना रिकामी गोळी मिळू शकते, औषध निरुपयोगी ठरू शकतं, अपायही होऊ शकतो. हे पहिल्याच बैठकीत, तालुक्याच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे. पण ‘आधी’ आणि ‘मग’ अशी रांग लावण्यात एक घोळ आहे. छातीचा तज्ज्ञ उद्या घोडेगावला आला तरी तो त्या पोल्ट्रीतल्या बाईला काय देणार? स्टेरॉइड द्यावं की नको, किती द्यावं, किती दिवस, हे त्याच्याही पुस्तकात पक्कं लिहिलेलं नाही. चांगल्या दवाखान्याला देण्याजोगं औषध लागतं, आणि ते चाचणीतूनच निष्पन्न होतं. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात लिहाव्या लागतील.

दुसऱ्या टोकाला शहरातल्या संशोधकांचा एक समज आहे, त्याचाही प्रतिवाद करायला हवा. खेड्यातली माणसं पाठपुराव्याला येत नाहीत, गोळ्या मोजून घेत नाहीत, म्हणून चाचणी पुण्या-मुंबईतच बरी, असं ते म्हणतात. आंबेगावला लागून शिरूर तालुका आहे. तिथल्या वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाने बानू कोयाजींच्या काळापासून ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. रोटाव्हायरसविरुद्धची भारतीय बनावटीची रोटाव्हॅक लस ज्या चाचणीत पारखली गेली, तिच्यात दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याकडचं हे वढूचं केंद्र मिळून ६७९९ बाळं होती. लहान बाळांना ठरल्या दिवशी आणायचं, जुलाब झाला की कळवायचं, नमुना द्यायचा. आमच्यासारख्याच शेतकरी घरांतल्या आयांनी ते वर्षभर आणि त्याहून अधिक निभावलं. निष्कर्ष २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये आले, २०१६ मध्ये लस राष्ट्रीय लसीकरणात शिरली. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या मृत्यूंविरुद्ध चालवलेलं काम महाराष्ट्राला ठाऊक आहे. ग्रामीण दवाखान्यात शिस्तशीर काम होत नाही, हे म्हणणाऱ्याने पुणे-नाशिक रस्त्याने एकदा यावं.

राहिला कंपन्यांचा मुद्दा. चाचणी म्हणजे परदेशी कंपनी, तिचा नफा आणि आमची शरीरं, अशी जी सांगड मनात बसली आहे ती सैल केली पाहिजे. चंडीगडच्या पीजीआयने कोविडनंतर फुप्फुसात राहून गेलेल्या विकारावर १३० रुग्णांची चाचणी केली. स्टेरॉइडची ४० मिलिग्रॅमची मात्रा विरुद्ध १० मिलिग्रॅमची. मोठ्या मात्रेने जास्त फायदा झाला नाही. सार्कॉइडोसिसच्या ८६ रुग्णांत त्यांनी ४० विरुद्ध २० असंच ताडून पाहिलं. तिथेही मोठी मात्रा वरचढ ठरली नाही. या निष्कर्षांतून कुणा कंपनीचा गल्ला भरला नाही. रुग्णाचं मात्र दुप्पट-चौपट स्टेरॉइड वाचलं, म्हणजे साखर वाचली, हाडं वाचली. बाजारात आधीच मंजूर असलेल्या औषधाची अशी शैक्षणिक चाचणी, जिचा वापर विक्रीच्या परवान्यासाठी होणार नाही, २०१९ च्या नियमांत नीतिसमितीच्या मान्यतेने करता येते. दिल्लीच्या औषध नियंत्रकाची वेगळी परवानगी लागत नाही.

मला आमच्या भागासाठी हीच जात हवी आहे, आणि प्रश्नही माझ्या मनात ठरलेला आहे. शेतीतल्या धुळीने होणाऱ्या एचपीत स्टेरॉइडने दूरचा फायदा होतो का? जगभर लाखो शेतकऱ्यांना या आजारात स्टेरॉइड दिलं गेलं असेल, पण रिकाम्या गोळीशी ताडून केलेली जी चाचणी पुन्हापुन्हा उद्धृत होते ती फिनलंडची, १९९२ ची, अवघ्या ३६ रुग्णांची. आठ आठवडे प्रेडनिसोलोन. पहिल्या महिन्यात एका मापात थोडा फायदा दिसला, पाच वर्षांनी दोन्ही गट सारखेच. फिनलंडने आपल्या दुधाळ जनावरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हा प्रश्न विचारला. आमच्या शेतकऱ्याचा धुळीशी संपर्क वेगळा, टीबीचा धोका कितीतरी मोठा, चुलीचा धूर जोडीला. त्याचं उत्तर फिनलंडहून येणार नाही. औषधाइतकाच महत्त्वाचा दुसरा भाग म्हणजे धूळ तोडणं: बगॅस ओला ठेवून हाताळणं, कुट्टी उघड्यावर करणं, शेडमध्ये नीट बसणारा मास्क, काम बदलून देणं. एचपीत कारण दूर करणं हा पहिला उपचार आहे हे सगळी पुस्तकं सांगतात. कारण दूर केलं तर चूल कशी पेटणार, हे कुठलंच पुस्तक सांगत नाही. मास्क आणि बदली काम यांचीही चाचणी होऊ शकते, आणि तिच्यात साखर कारखान्यांनी पैसा घालावा असं मी उघडपणे म्हणतो. भांडवल शेतकऱ्याचं आहे, फुप्फुसंही त्याचीच आहेत.

अटी मात्र सैल ठेवायच्या नाहीत. पहिला अडसर नियमातच आहे. चाचणीच्या जागी स्वतःची नीतिसमिती नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या परिघातली समिती लागते. पुण्यापासून रस्त्याने मंचर सुमारे ६०, नारायणगाव ७५, जुन्नर ९० किलोमीटर. शहराच्या मध्यातून वर्तुळ काढलं तर आम्ही नेमके त्याच्या बाहेर पडतो. तेव्हा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाशी जोडलेली नोंदणीकृत नीतिसमिती उभी राहिली पाहिजे, आणि तिच्यातला सामान्य नागरिक सदस्य या दोन तालुक्यांतलाच असला पाहिजे. तपासणीच्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्या माणसासकट, हातात मिळालं पाहिजे; ते लाच ठरू नये इतकं आणि अन्याय ठरू नये इतकं. फुप्फुसाची क्षमता मोजताना भारतीय माणसांची प्रमाण मापं वापरली पाहिजेत. गोऱ्या माणसांच्या मापाने आमचं निरोगी फुप्फुसही लहान दिसतं, आणि कुणाला आत घ्यायचं हे त्याच आकड्यावर ठरतं. औषध गुणकारी ठरलं आणि दुसरा पर्याय नसेल तर चाचणीनंतरही ते फुकट मिळण्याची सोय नियमांत आहे. ती संशोधकाच्या शिफारशीवर आणि नीतिसमितीच्या मान्यतेवर अवलंबून असते, म्हणून पहिला रुग्ण घेण्याआधीच लेखी ठरली पाहिजे. निष्कर्ष, मग ते नकारार्थी का असेनात, गावात येऊन मराठीत सांगितले पाहिजेत.

आणि पश्चिमेकडच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत हा विषय आधी ग्रामसभेपुढे यावा. ग्रामसभा चाचणीला गावात प्रवेश नाकारू शकेल, अटी घालू शकेल. ती एखाद्या माणसाच्या वतीने ‘हो’ मात्र म्हणू शकणार नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही समाजाची परवानगी आणि व्यक्तीची संमती या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. त्याच न्यायाने, गावाच्या वतीने सरसकट ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कुणा पुढाऱ्याला, कार्यकर्त्याला किंवा लेखकालाही नाही. धाप लागलेल्या माणसाला तो प्रश्न थेट विचारला गेला पाहिजे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. पुण्याच्या छातीरोग विभागांना बोलवा, कारखान्याच्या संचालकांना बोलवा, चाचणीला विरोध करणाऱ्यांना तर आवर्जून बोलवा. गावात दम्याच्या पंपावर किती जण आहेत, त्यातल्या किती जणांचा सिटी स्कॅन कधीतरी झाला आहे, आणि शेडमध्ये, कुट्टीवर, बगॅसवर काम करणारे त्यांत किती, ही यादी आशाताईंकडून आधी करून घ्या आणि तीच घेऊन सभेला बसा.